एक जूनला जन्मलेला मुलगा

पत्र असं आहे. (गाव, नातेसंबंध आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.)

"ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जुलै २०२५ मध्ये आमच्या गावात एकोणीस वर्षांच्या मुलाचा कोयत्याने खून झाला. इन्स्टावरच्या स्टेटसवरून वाद होता म्हणे. तिघांना पकडलं. दोघं विशीच्या पुढचे, तिसरा माझा विद्यार्थी. गेला तोही माझाच विद्यार्थी. तिसऱ्याला २०१५ मध्ये पहिलीत मीच घेतलं. आईवडील ऊसतोडीला जाणारे, जन्मदाखला नव्हता. सहा वर्षं पूर्ण दिसावीत म्हणून मी जनरल रजिस्टरला १ जून २००९ लिहिलं. त्या हिशोबाने खुनाच्या दिवशी तो सोळा वर्षं दीड महिन्याचा. आता त्याची आई सांगते, पोरगं त्या वर्षी दिवाळी पाडव्याला कारखान्यावर कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) झालं. म्हणजे पंधराच वर्षांचा. गेलेल्या मुलाचे वडील म्हणतात, बाई, लिहिलेली तारीख सोडू नका, त्याच्यावर मोठ्यांसारखाच खटला चालला पाहिजे. मुख्याध्यापक म्हणतात, रजिस्टर मागितलं तर द्या, बाकी तोंड उघडू नका. त्याच्या घरची-शाळेची माहिती घेऊन अहवाल देणारे प्रोबेशन ऑफिसर चौकशीला येणार आहेत. तो मनाने चांगला होता, एवढंच मला सांगता येईल. सहावीत त्याने चिडून एका मुलाच्या डोक्यात दगड घातला होता, आणि रक्त बघून स्वतःच त्याला पाठुंगळी घेऊन आरोग्य केंद्रात पळाला होता. हे सांगू का? आणि ताई, इतका मोठा गुन्हा असेल तर लहान-मोठं बघायचं तरी का?"

बाई, नमस्कार.

आधी तारखेचं बोलू, कारण ते थांबणार नाही.

त्या रजिस्टरला हात लावू नका. खाडाखोड नको, समासात शेरा नको, तारखेवर गोल करून बाजूला 'तोंडी माहितीवरून' असं आता लिहिणंही नको. जसं आहे तसं राहू द्या. मुख्याध्यापकांचं निम्मं बरोबर आहे. लेखी पत्र किंवा समन्स आल्याशिवाय नक्कल द्यायची नाही, आणि आल्यावर खरी नक्कल सही-शिक्क्यानिशी द्यायची. पण "तोंड उघडू नका" हे चालणार नाही. वयाचा वाद निघाला की बाल न्याय मंडळ, म्हणजे अठराच्या आतल्या आरोपींची प्रकरणं ऐकणारं मंडळ, पहिला प्रश्न हाच विचारतं: ही नोंद कशाच्या आधारे केली? तेव्हा जे आहे ते सांगायचं. कागद नव्हता, आईने तोंडी सांगितलं, महिना-दिवस धड सांगता आला नाही, सहा पूर्ण दिसावीत म्हणून मी १ जून घातली. त्याच पानावर एकाखाली एक १ जून किती आहेत, हेही दाखवा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या जिल्हा परिषद शाळेचं रजिस्टर उघडा, निम्मा वर्ग जूनच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सापडतो. मंडळावरच्या लोकांना हे ठाऊक असतं, पण शिक्षकाने शपथेवर सांगितल्याशिवाय ते कागदावर येत नाही.

तुम्हाला यात अपराधी वाटतंय, ते पत्रात ओळीओळीला दिसतं. तसं काही नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारायला मनाई करतो, आणि पालकांनी सांगितलेली तारीखही तिथे चालते. तुम्ही मूल शाळेत घेतलंत. त्या तारखेला पुढे असा भाव येईल, हे पहिलीच्या प्रवेशाच्या गर्दीत कुणाच्या डोक्यात येणार? खोटेपणा होईल तो आता, तारीख पक्की होती म्हणून शपथेवर सांगितलंत तर. किंवा उलट, "मला आठवतंय, दिवाळीचाच जन्म" असं आईच्या प्रेमापोटी म्हणालात तर. तुम्हाला दिवाळी माहीत नाही. तुम्हाला एवढंच माहीत आहे की १ जून ही तुमची सोय होती.

या दोन तारखांत काय अडकलं आहे ते नीट समजून घ्या, कारण गावात त्याबद्दल बरंच भलतंसलतं बोललं जात असणार. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे असा गुन्हा सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाच्या नावावर असेल, तर बाल न्याय मंडळ कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन करतं. खून त्यात बसतो. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक कुवत होती का, परिणाम कळत होते का, आणि कोणत्या परिस्थितीत घडलं, हे तीन महिन्यांत पाहायचं. मग मंडळ त्याला स्वतःकडे ठेवतं किंवा बाल न्यायालयाकडे पाठवतं. बाल न्यायालय म्हणजे बहुतेक ठिकाणी सत्र न्यायालयच, आणि तिथेही न्यायाधीश पुन्हा विचार करून म्हणू शकतात की मोठ्यांसारखा खटला नको. पंधरा वर्षांच्या मुलाला ही सगळी वाटच नाही. मंडळापुढेच चौकशी, आणि दोषी ठरला तर जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात.

सोळाच्या पुढे मोठ्यांसारखा खटला चालला, तरी फाशी नाही. सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेप नाही. एकवीस पूर्ण होईपर्यंत तुरुंग नाही, त्याला 'सुरक्षित ठिकाणी' ठेवतात. एकविसाव्या वर्षी न्यायालय बघतं की पोरगा सुधारला का, आणि मग देखरेखीखाली सोडायचं की उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवायचं ते ठरवतं. शिवाय मंडळापुढे निकाली निघालेल्या मुलाची नोंद पुढे नष्ट होते, मोठ्यांसारखी शिक्षा झालेल्याची राहते. नोकरीच्या वेळच्या चारित्र्य पडताळणीत ती आयुष्यभर निघत राहील.

वय ठरवायची उतरंड कलम ९४ मध्ये आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडांच्या तपासणीत वर्ष-दोन वर्षं इकडची तिकडे होतात, त्यामुळे तुमच्या प्रकरणात तिचा फारसा उपयोग नाही. पोरगा आठवीनंतर शाळेबाहेर, म्हणजे दहावीचा कागद नाहीच. पण शाळेचा कोणताही कागद आणला की झालं, असंही नाही. २०२३ मध्ये एका मुलीच्या वयाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने नुसता शाळा बदलल्याचा दाखला पुरेसा धरला नाही. आधार कार्ड तर जन्मतारखेचा पुरावाच नव्हे, हे २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं गेलं. तसंही त्याच्या आधारवरची तारीख तुमच्याच रजिस्टरातून गेलेली असणार.

म्हणून त्याच्या आईला एक निरोप द्या. आता धावपळ करून नवा जन्मदाखला काढू नये. गुन्ह्यानंतर काढलेल्या दाखल्याकडे सरकारी वकील कोणत्या नजरेने बघतील हे सांगायला नको. शोधायचे ते जुने कागद: अंगणवाडीची नोंदवही, लसीकरणाचं कार्ड, नर्सबाईंचं रजिस्टर. कोपीत जन्मलेल्या मुलाची पहिली नोंद बरेचदा गावी परतल्यावर, लस टोचताना होते. चैत्रात टोचलेल्या पहिल्या डोसाची एखादी ओळ सापडली, तर ती तुमच्या १ जूनपेक्षा जास्त बोलेल.

आता प्रोबेशन ऑफिसर. "मनाने चांगला होता" हे वाक्य त्यांना देऊ नका. मी एका जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळावर सामाजिक सदस्य म्हणून बसले आहे. प्रत्येक अहवालात कुणी ना कुणी मुलाला मनाने चांगला म्हटलेलं असायचं, आणि ती ओळ वाचून आम्ही पान उलटायचो. तुम्ही बघितलेलं सांगा. दसऱ्यानंतर तो शाळेतून जायचा आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत यायचा का? हंगामी वसतिगृहात राहिला का? परत आल्यावर कुठल्या इयत्तेचं वाचायचा? आठवीनंतर घरी कोण होतं? त्या दोन मोठ्या पोरांबरोबर कधीपासून दिसायला लागला? अर्धं वर्ष आजीजवळ राहणाऱ्या पोराला संध्याकाळी सहानंतर विचारणारं कुणी होतं का? मंडळाला यातून काम करता येतं.

दगडाचा प्रसंग सांगायचा का, हा तुमचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. सांगा, असंच मी म्हणेन, कारण तो खरा आहे आणि तुम्ही पाहिलेला आहे. पण त्याचं पुढे काय होऊ शकतं हे आधीच कळलेलं बरं. तुम्हाला त्यात पोराचं काळीज दिसतं. सरकारी वकिलाला दिसेल की अकरा वर्षांच्या वयातच याला डोक्यात मारलं की माणूस मरू शकतो हे कळत होतं. म्हणजे परिणामांची जाण होती. म्हणजे पाठवा वरच्या कोर्टात.

कलम १५ मधली मला कधीच न पटलेली गोष्ट ती हीच. ज्या पोराला दुसऱ्याचं दुःख कळतं, जो विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देतो, जो रडतो, तो 'समज असलेला' ठरतो आणि मोठ्यांच्या रांगेत जातो. जो भिंतीकडे बघत बसतो, ज्याला कशाचं काही वाटत नाही, त्याच्याबद्दल अहवालात 'आकलन मर्यादित' असं येतं. मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल दीड-दोन पानांचा. "कोयता मारला की माणूस मरतो हे तुला माहीत होतं का?" "हो." एवढ्यावर शेवटचा रकाना भरलेला मी पाहिला आहे. तेव्हा, त्या रात्री, दोन मोठी पोरं मागे उभी असताना त्याला काय कळत होतं, हे दोन महिन्यांनी टेबलासमोर बसवून कळत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये, गुरुग्रामच्या शाळेतल्या लहान मुलाच्या खुनाच्या प्रकरणात, हे काम किती नाजूक आहे ते सांगितलं. मंडळावर बाल-मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागेल, आणि परिणाम म्हणजे फक्त समोरचा मरेल एवढं नव्हे, त्याच्या घरच्यांचं आणि स्वतःचं पुढे काय होईल हेही, असं त्या निकालात आहे. तुमच्या जिल्ह्यात असे तज्ज्ञ कितीदा मिळतात, ते त्या ऑफिसरांनाच विचारा.

तर तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर: हो, इतक्या मोठ्या गुन्ह्यातही वय बघायचं. अठराच्या आतल्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवू नये या मताची मी आहे. सगळेच तसे नाहीत, मंडळावरचे माझे सहकारीही नव्हते. आणि कायदा काही वेड्यांनी केलेला नाही. १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी सीमा सोळाचीच होती, २००० मध्ये ती अठरावर गेली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत निर्भयाच्या प्रकरणात जे झालं त्यातला एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्यानंतर कायद्यात बदल सुचवायला नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने तेव्हाही वय खाली आणायला नकार दिला. तो आरोपी तीन वर्षांनी सुटला त्याच आठवड्यात, २२ डिसेंबर २०१५ ला, राज्यसभेने हा कायदा मंजूर केला. इतक्या संतापात केलेल्या कायद्याला शिवण उसवलेली राहणारच.

एक शिवण तर तुमच्याच प्रकरणातून दिसते. तोच कोयता, तोच हात, तोच वार. गेलेला मुलगा वेळेवर दवाखान्यात पोचून वाचला असता, तर गुन्हा खुनाचा प्रयत्न ठरला असता. त्या कलमाला शिक्षा मोठी आहे, पण कमीत कमी सात वर्षांची अट नाही, आणि जानेवारी २०२० च्या निकालानंतर असे गुन्हे कलम १५ मध्ये बसत नाहीत. मोठ्यांसारखा खटला चालवायचा प्रश्नच आला नसता. ॲम्ब्युलन्स किती वेगात आली यावरून मारणाऱ्याची समज ठरते का?

लोकांचा राग मला कळतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध. तेव्हा सगळं पुणे म्हणत होतं, मोठ्यांसारखा चालवा. जुलै २०२५ मध्ये मंडळाने पोलिसांची ती मागणी फेटाळली. पण तो राग नीट पाहिला तर पैशाचा होता, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाचा होता, पोलीस ठाण्यात झाल्याचं म्हटलं गेलेल्या पाहुणचाराचा होता. रक्ताच्या नमुन्याच्या त्या प्रकरणातले आरोपी मोठी माणसंच आहेत, त्यांच्यावर मोठ्यांचाच खटला चालतो. आणि कलम १५ चा दणका शेवटी बसतो कुणाला? ज्याच्या बापाने पहिल्याच दिवशी तीन वकील उभे केले त्याला, की ज्याचा बाप अर्धं वर्ष दुसऱ्या जिल्ह्यात मोळ्या बांधत असतो त्याला?

गेलेल्या मुलाच्या वडिलांना यातलं काहीही ऐकवू नका. तीन वर्षं ही त्यांच्या मुलाच्या जिवाची किंमत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, आणि सोळा काय नि पंधरा काय, कुठल्याच तारखेने ते बदलणार नाही. मला त्यांना देण्यासारखं उत्तर सुचलेलं नाही. पण त्यांच्याकडे जा. प्रोबेशन ऑफिसरांशी बोलण्याआधी जा, नंतर गेलात तर गावात त्याचा वेगळाच अर्थ निघेल. तुम्ही त्यांच्याही मुलाच्या बाई होता. तारखेचा विषय त्यांनी काढला तर सरळ सांगा: मी लिहिलेलं बदलणार नाही, आणि कसं लिहिलं ते लपवणारही नाही.

त्यांना उपयोगी पडेल असं सांगण्यासारखं मात्र आहे. कोयता कुणी आणला, कुणी त्या पोराच्या हातात दिला? "तू लहान आहेस, तुला काही होणार नाही" असं सांगून पोरांना पुढे करायची रीत हल्ली किती बोकाळली आहे, हे पुण्याच्या बातम्या वाचणाऱ्याला माहीत आहे. त्याच बाल न्याय कायद्याचं कलम ८३ मोठ्यांसाठी आहे. बेकायदा कामासाठी मुलाला वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड. त्या दोघांवर हे कलम लावलं आहे का, हे वडिलांनी तपास अधिकाऱ्याला विचारावं. नसेल तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्या दोघांचा खटला वेगळा, सत्र न्यायालयात चालेल, मुलाबरोबर एकत्र चालवताच येत नाही. तिथे वडिलांनी आपला वकील सरकारी वकिलाच्या मदतीला द्यावा. मंडळाच्या आदेशाविरुद्धही त्यांना वर दाद मागता येते. गुरुग्रामच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले बळी गेलेल्या मुलाचे वडीलच होते. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. हे बहुतेक घरांना कुणी सांगतच नाही, आणि मग सगळा जीव एकाच प्रश्नात अडकतो: तो मोठा की लहान.

तुमच्या शाळेच्या किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पकडलेल्या मुलाचा फोटो फिरत असेल तर पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्यालाही सांगा. कलम ७४ खाली अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. शाळेचं नाव लिहून श्रद्धांजलीचा बॅनर लावायचा विचार चालला असेल, तर त्याच्या मजकुरात या मुलाचा उल्लेख येणार नाही एवढं बघा.

त्याच्या आईला वकील परवडणार नाही. मंडळाने मुलाला मोफत वकील दिलाच पाहिजे, पण दिलेला वकील मूल्यांकनाच्या आधी मुलाला एकदा तरी भेटला का, हे विचारायला सांगा. भेटला नसेल तर मंडळाकडे साध्या कागदावर, मराठीत अर्ज करायचा, फी लागत नाही. अंगणवाडीची नोंद सापडली तर ती त्या वकिलाकडे द्यायची, तुमच्याकडे नव्हे. मंडळाने मोठ्यांसारखा खटला चालवायचा आदेश दिला तर सत्र न्यायालयात अपिलाला तीस दिवस असतात. हंगाम तोंडावर आला आहे. मुकादमाची उचल घेऊन ती निघायच्या आत हे तिच्या कानावर घाला, आणि तारीख कॅलेंडरवर गोल करून द्या.